गिऱ्हाईक दिवसा येते

मोटारीच्या मालकाला आपल्या गाडीच्या इंजिनातला किंचितसा आवाजबदल कळतो, चाकाखाली आलेला खडा त्याच्या पाठीच्या कण्याला जाणवतो; परंतु तिचे पुढचे दिवे पेटलेले असताना समोरून कसे दिसतात, हे मात्र त्याने बहुधा कधीच पाहिलेले नसते, कारण ते पेटलेले असतात त्या वेळी तो त्यांच्या मागे बसलेला असतो. माझेही तसेच झाले. चौदा वर्षे वापरलेली आमची छोटी पांढरी गाडी विकावी असे घरात ठरले आणि छायाचित्रे काढण्यासाठी मी सकाळच्या उन्हात तिच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा त्या दोन दिव्यांची अवस्था प्रथमच माझ्या नजरेस पडली. मोतीबिंदूची उपमा येथे कोणालाही सुचेल, म्हणून ती मी देत नाही. मला त्यांचा रंग शिळ्या ताकावर येणाऱ्या पिवळसर निवळीसारखा वाटला. उजवा दिवा डाव्याहून अधिक गढूळ होता. गाडी ज्या जागी उभी असते तेथे दुपारनंतरचे ऊन उजव्या अंगावर येते, हा कार्यकारणभाव मागाहून ध्यानात आला. गेली दोन-तीन वर्षे रात्री रस्ता नीट दिसत नाही म्हणून मी दोन वेळा चष्म्याचा नंबर तपासून घेतला होता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आमचा नेहमीचा गॅरेजवाला सज्जन आहे आणि माझ्या खिशाची त्याला माझ्याहून अधिक काळजी असते. नवे दिवे बसवण्याचा खर्च त्याने तत्काळ नामंजूर केला आणि म्हणाला, "काका, विकायच्या गाडीला कशाला पैसे घालता? टूथपेस्ट लावा, जुन्या बनियनने दहा मिनिटं चोळा, धुऊन टाका. महिनाभर चकाचक राहतील." याहून झटपट उपाय हवा असेल तर डास पळवण्यासाठी अंगावर मारतात तो फवारा फडक्यावर घेऊन पुसावे, असाही एक पाठभेद त्याने सांगितला. मी विचारले, "आणि रात्री?" तो हसला. "रात्री कोण गाडी बघायला येतंय, काका? गिऱ्हाईक दिवसा येतं."

हे वाक्य आठवडाभर माझ्या मागे लागून राहिले. त्यात कपट नव्हते, निव्वळ व्यवहारज्ञान होते, आणि त्या व्यवहारज्ञानात असत्य असे काहीच नसल्यामुळे त्याला प्रत्युत्तर देणे कठीण होते. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खर असते, तिच्याने दिव्यावरचा मळका पापुद्रा थोडाफार खरवडला जातो, दिवा खरोखरच उजळतो. ही तर आपल्याकडची जुनीच वहिवाट. माझ्या लहानपणी गावाकडे दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा पुसण्याचे काम आम्हा मुलांच्या हवाली असे. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ओटीवर यायचा, चुलीतली चाळलेली राख चिंधीवर घेऊन काच आतून-बाहेरून फिरवायची, फुंकर घालून पुन्हा कोरड्या फडक्याने पुसायची आणि ती फुटली तर त्या रात्री जेवणाआधी जे मिळायचे ते मिळायचे. ज्या राखेने आजोबा दात घासत तिनेच काच स्वच्छ होई. तेव्हा दंतमंजन आणि दिवा यांचे नाते काही आजचे नाही.

परंतु त्या काचेत आणि या दिव्यात एक मूलभूत भेद आहे, आणि तोच मला त्या गॅरेजवाल्याला समजावून सांगता आला नाही. कंदिलाची काजळी उपरी असे. ती निघाली की खाली काच जशीच्या तशी, कालची. मोटारीच्या दिव्याची धूसरता उपरी नव्हे, अंगची असते. आपण ज्याला सवयीने काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक आहे. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेल यांनी ते सिद्ध केले आणि जवळजवळ त्याच वेळी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांच्याही हाती ते स्वतंत्रपणे लागले. काचेच्या निम्म्या वजनाचे, दगड लागला तरी तुकडे न उडणारे, हव्या त्या आकारात ओतता येणारे. अमेरिकेत १९४० पासून ठराविक मापाचे बंद काचेचे दिवेच कायदेशीर होते, ते बंधन १९८३ मध्ये सैल झाले, आणि मग जगभरच्या गाड्यांच्या दिव्यांनी नाना प्रकारचे तिरके आकार धारण केले. आपल्या ॲम्बॅसडर-पद्मिनींचे ते वाटोळे, बटबटीत, काचेचे डोळे आठवावेत: गाडी भंगारात जाईपर्यंत ते निर्मळ राहत.

प्लास्टिकाच्या दोन दुर्बलता मात्र त्याच्या जन्मापासूनच्या. ते मऊ असते, चरे लवकर पडतात. आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपुढे त्याचे काही चालत नाही, त्याच्या रेणूंची जुळणी हळूहळू विस्कटते व ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर एक अतिशय पातळ, कठीण, पारदर्शक लेप चढवतात. उन्हाचे वार तो अंगावर घेतो, आणि काही वर्षांनी त्याला सूक्ष्म तडे जातात, पापुद्रे सुटतात. आपण जी धूसरता पाहतो तिचा मोठा भाग म्हणजे या मेलेल्या पहारेकऱ्याचे कलेवर आहे. टूथपेस्टने चोळताना आपण मळ काढत नसतो, राहिलासाहिला पहाराही उठवत असतो, आणि खालचे उघडे प्लास्टिक मग काही आठवड्यांत, आमच्याकडचे ऊन असेल तर त्याहूनही लवकर, पुन्हा गढूळते. डासांच्या फवाऱ्याची गोष्ट याहून वाईट: त्यातले रसायन प्लास्टिकाचा पृष्ठभागच विरघळवते, आणि ती ओली चकाकी काही दिवस टिकते एवढेच.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ साली अशा दिव्यांची रीतसर तपासणी केली, तेव्हा गढूळलेल्या दिव्यांतून नव्याच्या मानाने सुमारे २० टक्केच प्रकाश मिळतो असे आढळले. मग उरलेला प्रकाश जातो कोठे? तो सगळाच विझत नाही; बराचसा त्या तड्यांवर आपटून वाटेल तसा फाकतो आणि जो रस्त्यावर पडायचा तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ज्याला स्वतःला दिसत नाही तोच दुसऱ्याचे डोळे दिपवतो, अशी ही विलक्षण स्थिती आहे. त्या तपासणीने हेही दाखवले की घासून दुरुस्त केलेले दिवे सुमारे ७० टक्क्यांपर्यंत येतात, मात्र दिपवण्याच्या बाबतीत ते मान्य मर्यादेबाहेरच राहतात. म्हणजे आपण घरी कितीही श्रम केले तरी पूर्वस्थिती येत नाही. नव्या दिव्यांना खरा पर्याय नाही. ही गोष्ट दुरुस्तीच्या उत्साहात कोणी सांगत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण विक्रीचा प्रश्न आला की आपल्या सदसद्विवेकबुद्धीला कायद्याच्या आडोशाला बसायला आवडते. १८७२ च्या कराराच्या कायद्यात कपटाची व्याख्या करणारे सतरावे कलम आहे आणि त्याच्या उदाहरणांत एक घोडा आहे. मालकाला ठाऊक आहे की घोडा सदोष आहे. तो लिलावात विकतो आणि काही बोलत नाही. हे कपट नव्हे. पण घेणारी जर त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की तू नाकारले नाहीस तर मी घोडा निर्दोष समजेन, तर त्यानंतरचे मौन बोलण्याच्याच बरोबरीचे. शिवाय दोष ठाऊक असून तो क्रियेने झाकणे, हे त्याच कलमात कपटात गणले आहे. यावरून मी असा हिशेब मांडला की दिवे पिवळे ठेवून मी गप्प राहिलो तर कायदा मला हात लावणार नाही, आणि टूथपेस्ट लावली तर मात्र माझी बाजू लंगडी पडेल. हिशेब बरोबर होता. फक्त त्यात एक मनुष्य मोजलेला नव्हता: रात्री समोरून येणारा. तो त्या खरेदीखतात पक्षकार नसतो, त्याची सही कोठेही लागत नाही, त्याने गाडी दिवसा पाहिलेली नसते आणि रात्री पाहतो तेव्हा हरकत घेण्याची सवड त्याला नसते.

एका रविवारी मी नाना पेठेतून वॉटर पेपर आणले: ८००, १२००, २००० आणि ३००० नंबरचे, शिवाय मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड आणि ऊनरोधक क्लिअर कोटचा फवाऱ्याचा डबा. दिवे साबणाने धुऊन भोवतालच्या रंगावर टेपचे दोन पदर चिकटवले, बादलीत पाणी घेतले आणि ८०० नंबरचा भिजवलेला कागद आडवा चालवायला आरंभ केला. प्रथम हळदीच्या पाण्यासारखा पिवळट ओघळ येऊ लागतो. तो येतो तोवर जुना लेप निघत आहे असे समजावे, आणि तो दुधासारखा पांढरा झाला की पुढच्या कागदाकडे वळावे. पुढचा कागद उभा चालवायचा, म्हणजे आधीचे आडवे चरे पुसले गेले की नाहीत ते कळते. या सगळ्या प्रकारात मनुष्याचा धीर सुटावा असा एक क्षण येतो: दिवा पुसून कोरडा केल्यावर तो पहिल्याहूनही वाईट, संपूर्ण आंधळा, दुधी काचेसारखा दिसतो. आमच्या शेजारच्या आजोबांनी नेमक्या त्याच क्षणी गॅलरीतून डोकावून "घालवलेत हो दिवे!" असा निकाल दिला. त्यावर उत्तर नसते. १२००, २०००, ३००० असे घासत गेलो, प्रत्येक कागदागणिक आधीच्या कागदाच्या खुणा मिटत गेल्या आणि कंपाउंडचा हात फिरल्यावर आतला परावर्तक अकस्मात स्पष्ट दिसू लागला. उजव्या दिव्याला दोन तास लागले. डाव्याची पाळी येईपर्यंत ऊन उतरले होते, खांदा भरून आला होता आणि घरातून चहाची तिसरी हाक आली होती. त्या दिव्यावर २००० चा कागद मी उपचारापुरताच फिरवला. चकाकी दोघांची सारखीच आली.

खरा प्रश्न याच टप्प्यावर होता, आणि तो त्या दिवशी मला टूथपेस्टच्या प्रश्नाहून अधिक महत्त्वाचा वाटला. येथे थांबलो असतो तरी दिवे झळझळीत दिसत होते. क्लिअर कोट मारला काय, न मारला काय, त्या संध्याकाळी कोणत्याही पारख्याला फरक सांगता आला नसता. फरक दिसायला काही आठवडे जावे लागतात, आणि तोवर गाडी, कागदपत्रे व तक्रार करणारा मनुष्य सगळेच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असतात. उलट तो लेप मारणे हे सगळ्यात कटकटीचे काम: पृष्ठभाग स्पिरिटने पुसायचा, वारा नसलेली वेळ पाहायची, नाकातोंडावर मास्क बांधायचा, पातळ थर, मध्ये थांबणे, पुन्हा थर, ओघळ आला की सगळे मुसळ केरात. वाड्याच्या चिरेबंदी जोत्याखाली पाया किती हात खोल घेतला होता हे आज कोणाला ठाऊक आहे? गवंड्याला होते. मी लेप मारला. सद्गुण म्हणून मारला असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही; डबा विकत आणलेला होता, हेही एक कारण होते.

गाडी घ्यायला आला तो सासवडचा तरुण, हडपसरला रात्रपाळी करणारा. अर्थातच दिवसा आला. बॉनेट उघडून पाहिले, टायर पाहिले, बसून एक फेरी मारली. दिव्यांकडे पाहून "दिवे मस्त आहेत, काका" एवढेच म्हणाला. हा रोज उत्तररात्री दिवे घाट चढून घरी जाणार, हे ऐकल्यावर मला राहवले नाही. मी त्याला सांगितले की दिवे नवे नाहीत, मी घासलेले आहेत, वर लेप आहे, तो कारखान्यातल्याइतका टिकणार नाही, वर्ष-दीड वर्षाने पुन्हा पाहावे लागेल, आणि जमेल तेव्हा जोडी बदललेली बरी. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, आणखी काय काय केलंय गाडीला?" आणि ठरलेल्या किमतीतून पाच हजार कमी केले. ही रक्कम सौभाग्यवतींना अजून पटलेली नाही.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, किल्ल्या दिल्या, तोवर अंधार पडला होता. त्याने गाडी सुरू केली, फाटकाशी वळवली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्याच गाडीच्या पेटलेल्या दिव्यांसमोर उभा राहिलो. उजवा दिवा स्वच्छ होता, धार असल्यासारखा. डाव्याभोवती मात्र, पावसाळी रात्री चंद्राला पडते तसे, एक पुसट खळे होते. दिवसा ते दिसणे शक्य नव्हते. मी डोळ्यांवर हात धरला. त्याला वाटले असावे की काकांना त्रास होतो आहे, म्हणून त्याने डिपर दिला आणि हात हलवून तो निघून गेला.

घाटात त्या वेळी चढणारे-उतरणारे ट्रक किती असतात ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी, तो झोपून उठला असेल अशा बेताने मी फोन केला आणि डाव्या दिव्याची हकिकत सांगितली. लेपाचे सांगितले होते, कंटाळ्याचे सांगायचे राहिले होते. तो हसला. "रविवारी घेऊन येतो, काका. ते पेपर उरलेत का?" मी कपाट उघडून पाहिले. २००० चे दोन होते, १२०० चा आणावा लागणार होता.