शनीचे खाते

कुठलेही काम बिघडले की ते शनीच्या नावे टाकायचे, ही आपल्याकडची फार जुनी सोय आहे. मुलगा नापास झाला, साडेसाती. म्हैस आटली, साडेसाती. आमच्या नवीन जालन्यात तर मोंढ्यात भाव मिळेना की बोट थेट आभाळाकडे!

मी पडलो बी.कॉम. हिशेब तपासल्याशिवाय सही करणे जिवावर येते. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बाराने भागा, एका राशीला अडीच वर्षे. राशी तीन, म्हणजे साडेसात. जुन्या लोकांची बेरीज चोख होती हो! प्रश्न एवढाच, की नोंद पडली कुणाच्या खात्यावर?

कारण हा खातेदार मोठा संसारी निघाला. 2025 च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने त्याचे 128 नवे चंद्र मान्य केले. एकूण झाले 274. ज्याच्या घरात एवढा गोतावळा, त्याला माझी बढती अडवायला सवड कुठली? शिवाय तो इतका लांब, की इथून प्रकाशालाही तिथे पोचायला तासाहून अधिक वेळ लागतो. कुणी अकराला नोट खिशात घातली, तर शनिमहाराजांना दिसणार बारा वाजून गेल्यावर. तोवर गडी चहा पिऊन जागेवर हजर!

इथे मात्र हसू अडते. शनिशिंगणापुरात घरांना कुलूप न लावण्याची परंपरा. चोरी केली तर शनिदेव बघून घेईल, ही श्रद्धा. 2011 साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखासुद्धा उघडली. (रोकड अर्थातच बंदोबस्तात, बँक ती बँक!) आणि आता दुर्बीण सांगते, पहारेकरी म्हणजे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा गोळा. त्याला ना डोळा, ना वही. मग इतकी वर्षे गाव राखले कुणी? माणसांनीच की, एकमेकांवर भरवसा ठेवून! जमा तेवढी शनीच्या नावे दाखवली.

शनी निर्दोष सुटला, हे ठीक. पण त्याबरोबर आपला जामीनदारही गेला. वरून कुणी बघत नाही हे पक्के कळल्यावर नोट मोजून परत द्यायची, की नाही? भीतीपोटी राखलेली सचोटी म्हणजे तारणावरचे कर्ज. बिनतारणी निभावते, ती खरी पत.

हे सगळे मी घरी समजावून सांगितले. तरी शनिवारचे तेल चालूच राहणार आहे. ही म्हणते, "गोळा असला म्हणून काय झालं? 274 जणांच्या संसाराला तेल लागतंच!"