पाच शतांश सेकंद कोणाचे?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४.

आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशात माउलींनी शके १२१२ मध्ये ज्या खांबाला टेकून गीता मराठीत सांगितली, तो पैस खांब आजही उभा आहे. तिथून नगरला यायचं आणि जिल्ह्याची हद्द ओलांडायची, की लागतो बीडचा आष्टी तालुका. त्यातलं मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. शाळा सहा किलोमीटर लांब आणि जायला वाहन नाही, म्हणून हा पोरगा कधी चालत, कधी पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनलाही राहून आला. शर्यतीत पळायला लागला तेव्हा विशी ओलांडली होती.

त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. म्हणजे २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. १९९८पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियाच नेत होतं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशने ती साखळी तोडली. वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. पण सोनं मिळालं केनियाच्या अब्राहम किबिवोटला, ८:११.१५ मध्ये. अंतर फक्त पाच शतांश सेकंदाचं! पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आता प्रश्न असा की हे पाच शतांश सेकंद कोणाचे? अविनाशच्या चुकीचे, की किबिवोटच्या कर्तृत्वाचे?

भगवंत आजच्या श्लोकात सांगतात की कुठल्याही कर्मामागे पाच कारणं असतात. अधिष्ठान म्हणजे हे शरीर. कर्ता म्हणजे 'मी करतो' म्हणणारा. करण म्हणजे इंद्रियं, साधनं. चेष्टा म्हणजे नाना हालचाली, आणि आचार्यांच्या भाष्यात तर प्राणवायूचे व्यापार. धावणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको! आणि पाचवं दैव. भाष्यात त्याचा अर्थ इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता असा येतो. आपल्या भाषेत, जे माझ्या हाताबाहेरचं आहे ते. पुढे सोळाव्या श्लोकात भगवंत बजावतात की पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही.

दोहाची २०१९ची जागतिक स्पर्धा बघा. पात्रता फेरीत इतरांच्या पडण्या-अडखळण्यात अविनाश अडकला आणि बाहेर पडला. भारताने अपील केलं, ते मान्य झालं आणि तो अंतिम फेरीत आला. तिथे ८:२१.३७ असा राष्ट्रीय विक्रम करून त्याने टोकियो ऑलिंपिक गाठलं. अडखळवणारे दुसरे, अपील करणारेही दुसरेच. त्याचं स्वतःचं काय होतं? संधी परत आली तेव्हा पायात तयारी होती, एवढंच. आणि हे 'एवढंच' खूप मोठं आहे. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण मिळालं. २०२५ मध्ये गुडघा दुखावला आणि जागतिक स्पर्धा हुकली. अधिष्ठान थांबलं की कर्त्याचं काही चालत नाही.

इथे मला स्वतःची लाज वाटते. रिलीज नीट गेली की मी मनात म्हणतो, 'मी केलं'. फसली की मला लगेच पाचही कारणं आठवतात! गीता मला फक्त हरल्यावर हवी असते.

पण एक प्रश्न टाळून चालणार नाही. केनियाच्याच केल्विन किप्टमने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पळून विश्वविक्रम केला. ६ फेब्रुवारी २०२४ला विक्रमावर अधिकृत शिक्कामोर्तब झालं. ११ फेब्रुवारीला मोटार अपघातात तो गेला, प्रशिक्षक जर्वे हाकिझिमानाही गेले. किप्टम २४ वर्षांचा होता. त्याच्या आई-वडिलांना जाऊन आपण 'दैव' म्हणायचं का?

मला वाटतं, नाही. तिथे गप्प बसावं, हात धरावा. भगवंतांनी ही पाच कारणं सांगितली ती अर्जुनाचा 'मी मारणारा' हा भाव गळावा म्हणून. दैव हा शब्द आपल्या अहंकाराला लावायचं औषध आहे. दुसऱ्याच्या जखमेवर तो चोळला की मीठ होतो. आणि आपल्या आळसावर घातला की पांघरूण.

किप्टमच्या हातात त्याचं पळणं होतं, ते त्याने पूर्ण केलं. किती दिवस पळायचं हे त्याच्या हातात नव्हतं. आपलंही तसंच आहे मित्रांनो. आपला वाटा पाचातला एक, पण तो पुरा द्यायचा.

आजचा अभ्यास : रात्री झोपण्याआधी आज जमलेलं एक काम आठवा. त्यातली बाकीची चार कारणं शोधा. ज्या माणसांचे हात त्यात लागले, त्यातल्या एकाला उद्या सकाळी फोन करून 'तुमच्यामुळे झालं' म्हणा. सुरुवात जिंकलेल्या कामापासून करा. हरलेल्या कामात ही चार आपोआप सापडतात!

जय जय राम कृष्ण हरी.