करिंथची पंगत

ग्रीसमधल्या करिंथ शहराला दोन बंदरे होती, एक पूर्वेच्या समुद्रावर, एक पश्चिमेच्या. मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून मालाची ने-आण चाले. रोमनांनी इ.स.पूर्व 146 मध्ये हे शहर बेचिराख केले. इ.स.पूर्व 44 मध्ये ज्युलिअस सीझरने ते पुन्हा वसवले, तेव्हा राहायला आलेल्यांत बरेचसे गुलामीतून सुटलेले लोक होते. त्यांच्या नातवा-पणतवांनी व्यापारात बक्कळ पैसा केला आणि स्वतःचे गुलाम बाळगले. पणजोबा कोण होते, हा विषय मग घरात कोणी काढेना.

इथे येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाने तंबूचा धंदा करत, दीड वर्ष राहून, ख्रिस्ती मंडळी उभी केली. प्रार्थनेला वेगळी इमारत नव्हती. ज्याचे घर मोठे, त्याच्याकडे सगळे जमत, एकत्र जेवत आणि प्रभूच्या आठवणीची भाकर मोडत.

अशाच एका घरची ही गोष्ट. तिच्यातला हमाल आणि घरधनी माझ्या कल्पनेतले. पंगतीतला पंक्तिप्रपंच मात्र पौलाच्या पत्रातलाच आहे.

घरधनी उजेडातच मित्रांना घेऊन जेवायला बसे. आतल्या दालनात नऊ-दहाच जण मावत. हमाल, मोलकरणी धन्याची कामे उरकून अंधार पडल्यावर येत आणि अंगणात बसत. तोवर मासळीचा रस्सा संपलेला असे, द्राक्षारस काहींच्या डोक्यात गेलेला असे. मग भाकर मोडली जाई आणि आपण सारे एक, असे सगळे मिळून म्हणत.

एका रात्री भाकर घेताना एका हमालाचा हात लटलट कापू लागला. करिंथच्या मंडळीला आत्म्याच्या संचाराचे भारी कौतुक. घरधनी हरखून पुढे आला.

“बाबा रे, तुझ्यात आत्मा संचारला!”

“नाही धनी. सकाळपासून पोटात काही नाही.”

कोणी हसले नाही, पण कोणी ताटही आणले नाही. आणणार तरी कुठून?

पुढे इ.स. 55च्या सुमारास इफिस शहरातून पौलाचे पत्र आले. एक उपाशी आणि एक झिंगलेला, असल्या जेवणाला तो प्रभुभोजन म्हणायला तयार नव्हता. उपाय त्याने अगदी साधा सांगितला: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. गुलामी मोडा, असे मात्र त्याने लिहिले नाही. आजच्या वाचकाला ते खटकते, आणि खटकायलाच हवे. पण ज्यांना ‘थांबा’ एवढेसुद्धा जड जात होते, त्यांचे दुखणे त्याने बरोबर ओळखले होते.

पुढच्या सभेला घरधनी थांबला. दिवे लागले, पोटात कावळे ओरडू लागले. बऱ्याच वेळाने हमाल आला.

“इतका वेळ उपाशी बसायचं म्हणजे कठीणच रे,” घरधनी म्हणाला.

“आम्ही बसत नाही, धनी. ओझी वाहतो.”

घरधन्याने पळी उचलली आणि अंगणातून वाढायला सुरुवात केली. आतून एक व्यापारी कुरकुरला, “रस्सा पार गार झाला की!”

“झालाय खरा,” घरधनी म्हणाला, “पण आज सगळ्यांना पुरतोय.”