फॉर्म भरणं म्हणजे निदान नव्हे

बसू नका, उभ्यानेच ऐका. काल ओपीडीतून गेलेले तपासणीचे फॉर्म मी एकेक करून वाचले. बहुतेकांवर दोनच शब्द आहेत, 'छातीत दुखतं', आणि खाली इको, टीएमटी, सीटी अँजिओ या तिन्हींपुढे खूण. दुखतं कुठे, कशाने सुरू होतं, किती वेळ टिकतं, कशाने थांबतं, यातलं एक अक्षर नाही. हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

नळी न घालता हृदय पाहता येतं, ही मोठी सोय तुमच्या पिढीला आयती मिळाली आहे. पण तपासणी उत्तर देते ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं. तुमच्यापाशी प्रश्नच नसेल तर रिपोर्टचं करणार काय? पंचविशीतला मुलगा एका बोटाने जागा दाखवतो, तिथे दाबलं की दुखतं. त्याची टीएमटी पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा खोटी असते. पंचावन्न वर्षांचा, तंबाखू खाणारा माणूस सांगतो की चढावर छाती दडपते आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते. त्याची टीएमटी निगेटिव्ह आली म्हणून त्याला निर्धास्त घरी पाठवता येत नाही. चाचणी तीच, अर्थ उलटा. डायमंड आणि फॉरेस्टर यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं की वय, लिंग आणि दुखण्याचं स्वरूप यांवरून आजाराची शक्यता आधी ठरवावी लागते, मग निकालाला अर्थ येतो. ही शक्यता मशीन ठरवत नाही. ती तुम्ही ठरवायची, पेशंटशी बोलून.

आणि तुम्ही बोलत नाही. सत्तेचाळीस वर्षांची मधुमेही बाई सांगत होती की जिना चढताना जबडा भरून येतो, धाप लागते. केसपेपरवर तुम्ही लिहिलंत 'पित्त'. टू-डी इको नॉर्मल आला आणि तिला अँटासिड देऊन घरी धाडलंत. नॉर्मल इको याचा अर्थ एवढाच की विश्रांतीत हृदयाचा स्नायू नीट आकुंचन पावतो. रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असतानाही तो इको नॉर्मल येऊ शकतो. बायकांना आणि मधुमेहींना दुखणं छातीतच होईल असं नाही, हे तुम्ही परीक्षेत लिहून आला आहात. मग खाटेपाशी ते आठवत का नाही?

त्याहून गंभीर चूक पुढे आहे. एका पेशंटची छाती अजून दुखत होती, दुसऱ्या ट्रोपोनिनचा निकाल आला नव्हता, आणि तो टीएमटीच्या रांगेत उभा होता. ट्रेडमिलवर त्याचं हृदय थांबलं असतं तर जबाबदार कोण? दुखत असलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत झालाच पाहिजे. एसटी वर गेलेला दिसला तर सीटीचं नावही काढायचं नाही, सरळ कॅथ लॅब. दोन्ही हातांचं बीपी बघा, महाधमनी फाटली नाही ना याचा विचार करा, मर्मर ऐका. स्थिर पेशंटची तपासणी आणि तातडीच्या पेशंटची तपासणी यांत गल्लत झाली की माणूस मरतो.

आता निवड. सीटी अँजिओ रक्तवाहिनी दाखवते: भिंतीत चरबीचा थर आहे का, वाट किती अरुंद आहे. स्ट्रेस इको, न्यूक्लियर स्कॅन, स्ट्रेस एमआरआय हे ताण पडल्यावर स्नायूला रक्त पुरतं का ते सांगतात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक असेल तर टीएमटीचा ईसीजी वाचता येत नाही. वाहिन्यांत कॅल्शियम फार असेल तर सीटीत अडथळा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. सीटीआधी क्रिएटिनिन बघा, नाडी साठीच्या आसपास आणा, बीटा ब्लॉकर देण्यापूर्वी दमा आहे का विचारा, जिभेखाली नायट्रोग्लिसरीन ठेवण्यापूर्वी सिल्डेनाफिल घेतलंय का विचारा. लाज वाटली तरी विचारा.

रिपोर्ट हातात आला की काम संपत नाही. स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट अभ्यासात ४१४६ रुग्ण होते. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण नेहमीच्या तपासणीत ३.९ टक्के होतं, सीटी जोडल्यावर २.३ टक्के. सीटी झालेल्या गटात अँजिओप्लास्टी किंवा बायपास काही जास्त झाल्या नव्हत्या. थर दिसल्यावर जास्त लोकांना स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन सुरू झालं होतं. म्हणजे 'ब्लॉक नाही' एवढं वाचून फाइल मिटवणारा डॉक्टर त्या तपासणीचा खरा फायदाच फेकून देतो. उलट, ब्लॉक दिसला की स्टेंटची घाई करू नका. २०२० च्या इस्केमिया अभ्यासात ५१७९ स्थिर रुग्णांमध्ये आधीच अँजिओग्राफी आणि स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू वा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. दुखणं मात्र कमी झालं. दोन्ही गोष्टी पेशंटला सांगा, मग निर्णय घ्या. मुख्य डाव्या वाहिनीत अडथळा असेल किंवा पेशंट अस्थिर असेल, तर हा नियम लागू नाही.

आपल्याकडे हा आजार तरुण वयात गाठतो. घरचा कमावता माणूस जातो. कुणी रोजंदारी बुडवून येतं, कुणी तपासणीसाठी उसने पैसे आणतं. नको असलेली तपासणी त्यांच्यावर लादणं अन्याय आहे, आणि हवी असलेली न करणं त्याहून मोठा.

यापुढे प्रत्येक फॉर्मवर तीन गोष्टी हव्यात: दुखण्याचं वर्णन, तुम्हाला वाटणारी शक्यता, आणि निकाल असा आला तर काय कराल, तसा आला तर काय कराल. दोन्ही निकालांवर तुम्ही तेच करणार असाल, तर ती तपासणी लिहू नका. आता वॉर्डात जा, पहिल्या खाटेपासून सुरुवात करा. संध्याकाळच्या राउंडला प्रत्येक पेशंटबद्दलचा तुमचा प्रश्न मी आधी ऐकेन, रिपोर्ट नंतर बघेन.