भुकेचें अन्न आणि चवीचें अन्न

वस्तुसंग्रहालयांत ठेविलेली वस्तु प्रेक्षकानें डोळे भरून पाहावी, परंतु तिला हात लावूं नये, असा सर्वत्र दंडक आहे. खाद्यपदार्थाचें संग्रहालय काढावयाचें म्हटलें म्हणजे हा दंडक उलटा करावा लागतो. कारण कांचेच्या कपाटांत ठेविलेली चव ही चवच नव्हे. जपानांत शिन-योकोहामा येथें १९९४ सालीं उघडलेलें 'रामेन'चें संग्रहालय या उलट्या दंडकावर चालतें. रामेन म्हणजे गव्हाच्या लांब शेवया कढत रश्शांत घालून केलेला पदार्थ. टोकियोहून एका दिवसांत जाऊन येतां येतें. तसा मी गेलों आणि खाऊन आलों. खातांना जो प्रश्न मनांत आला तो मात्र चवीचा नसून नीतीचा होता.

तळघरांत उतरतांच १९५८ सालचें जपान लागतें. छतावर रंगविलेलें आकाश कायम सायंकाळचें. खालीं अरुंद गल्ल्या, जुन्या जाहिरातींच्या पाट्या, आणि निरनिराळ्या प्रांतांचें रामेन विकणारीं खरीं दुकानें. सप्पोरोकडील रश्शांत मिसो, म्हणजे आंबविलेल्या सोयाबीनचा लगदा, असतो. हाकाताकडील रस्सा डुकराचीं हाडें तासन् तास उकळून दुधासारखा पांढरट केलेला. (शाकाहारी मंडळींनीं मिसोच्या नांवावर विसंबूं नये, तो रस्साही बहुधा मांसाचाच.) एका फेरींत अनेक चवी घेतां याव्यात म्हणून लहान वाडगाही मिळतो.

१९५८ हेंच साल कां? त्या वर्षीं मोमोफुकु आन्दो यांनीं कढत पाणी ओततांच तयार होणाऱ्या शेवया प्रथम बाजारांत आणल्या. ज्याला आज जपानचें भूषण मानतात त्या रामेनचें मूळ चिनी आहे, आणि आन्दो यांचा जन्मही तैवानचा. १९४५ नंतर जपानांत अन्नाची टंचाई पडली, अमेरिकेचा गहू येऊं लागला, आणि चोरट्या बाजारांतील टपऱ्यांपुढें शेवयांसाठीं रांगा लागल्या. ओसाका येथें पाहिलेल्या अशाच एका रांगेची आठवण आन्दो सांगत असत. रंगविलेल्या त्या सायंकाळीं मात्र कोणी उपाशी नसतो. आपण तिकीट काढून आंत गेलेले असतों.

तेव्हां पोट भरलेल्या माणसानें दुसऱ्याच्या भुकेचें अन्न गंमत म्हणून खावें काय? खाऊं नये, असें कडक उत्तर देणारे आहेत. मला तें पटत नाहीं. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळांत रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. लोकांनीं ती खाल्ली, जगले. परंतु मिलोच्या भाकरीचें दुकान पुढें कोणी काढल्याचें ऐकिवांत नाहीं. झुणका-भाकर मात्र गरिबाच्या घरांतून शहरी हॉटेलांत मानानें जाऊन बसली. मिलो जशी आली तशी गिळावी लागली. जपानी टपरीवाल्यानें परक्या गव्हांत क्षार घालून शेवईला पिवळेपणा आणि चिवटपणा आणला, रस्सा मुरविला. तो दया वाटीत नव्हता, चव विकीत होता. त्याचें गिऱ्हाईक उपाशी असलें तरी त्यालाही जीभ होती, हें त्यानें ओळखलें. म्हणून आज तो वाडगा आनंदानें रिकामा करण्यांत त्या रांगेचा अपमान आहे असें मी मानीत नाहीं.

अपमान कोठें असेल तर तो वाडगा भरलेला टाकून उठण्यांत. लहान वाडग्याची सोय असतांना मोठे वाडगे मागवून, त्यांचीं छायाचित्रें घेऊन, दोन-दोन घासांवर पुढच्या दुकानाकडे वळणारीं माणसें मीं तेथें पाहिलीं. त्यांना चवीची पारख नव्हती असें नाहीं. कोणत्या रश्शांत काय कमी होतें, याची चर्चा तीं मोठ्या मार्मिकपणें करीत होतीं.