नवसाच्या जागी काय?

धम्मदीक्षा घेणे एका दिवसाचे काम आहे. ती निभावणे जन्माचे काम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि आमचे देव्हारे रिकामे झाले. परंतु घरातील माणसाच्या अंगात गाठ निघते, डॉक्टर तिचा तुकडा तपासणीला पाठवतात, रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी मिळेल म्हणतात, तेव्हा नजर पुन्हा त्या रिकाम्या देव्हाऱ्याकडे वळते. कॅन्सर आहे की नाही, हे न कळलेले ते दिवस म्हणजे बौद्ध घराची खरी कसोटी होय.

नवस हा सौदा आहे. पण सौदा कोणाशी? तो तुकडा मेणात बसवून, त्याचे अतिशय पातळ काप काढून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; म्हणून दिवस लागतात. गाठीत जे आहे ते आहेच. पुष्कळ गाठी कॅन्सरच्या नसतात, काही असतात. नारळाने त्यात फरक पडत नाही. देवऋषीकडे दवडलेल्या महिन्यांनी मात्र पडतो.

दुसरे संकट शेजाऱ्यांच्या तोंडून येते : 'मागल्या जन्मीचे भोग!' १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला आहे. ज्या तर्काने आम्हाला अस्पृश्य ठरविले, तोच तर्क आजाऱ्याच्या खाटेपाशी येऊन उभा राहतो. त्याला घरात थारा देता कामा नये.

येथवर सारे सोपे आहे. पण खाटेवरची म्हातारी आईच नवस बोलायला सांगत असेल तर? माझ्या आईच्या मानेतील गाठ तपासणीला गेली होती. ती म्हणाली, "बाळा, मरीआईला एक नारळ फोड." मी म्हणालो, "आये, नारळ नाही फोडणार. पण तुला भ्या कशाचं वाटतं ते सांग." बऱ्याच वेळाने ती बोलली, "मी गेले तर धाकटीचं बाळंतपण कोण करील?" त्याच रात्री माझ्या पत्नीने ते आपल्याकडे घेतले आणि बहिणीला तसे पत्र गेले. नारळाची आठवण आईला नंतरही आली; पण रात्री झोप लागू लागली.

अंगुत्तर निकायात नकुलमातेची कथा आहे. पती नकुलपिता फार आजारी पडला. 'तुम्हाला काही होणार नाही' असे ती म्हणाली नाही, कारण ते तिला ठाऊक नव्हते. मनात काळजी ठेवून मरू नका, असे तिने सांगितले. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी मुलांना पोशीन, संसार सांभाळीन, अशी एकेक काळजी तिने त्याच्या छातीवरून उतरवली. खोटा दिलासा आणि खरा आधार यांतील अंतर ते हेच.

नवसाच्या मुळाशी एक काळजी असते. नवस नाकारायचा आणि काळजी तशीच राहू द्यायची, हा कोरडा अहंकार झाला. त्याला धम्म म्हणता येत नाही. प्रज्ञा नवसाला नकार देते, करुणा काळजी उचलते. दोन्ही हात लागतात. मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुतले, हे आपण विसरतो.

आईचा रिपोर्ट काय आला, ते येथे मुद्दाम लिहीत नाही. चांगला आला म्हणून धम्म खरा, वाईट आला म्हणून खोटा, असे मानणे म्हणजे पुन्हा नवसाचाच हिशोब.

धम्मबांधवांनो, आपल्या वस्तीत कोणाचा रिपोर्ट यायचा असेल तर विहारात वंदना जरूर घ्या. पण त्याच बैठकीत ठरवा, दवाखान्यात सोबत कोण जाणार, एस.टी.चे भाडे कोण देणार, त्या घरची लेकरे कोणाकडे जेवणार आणि रात्री उशाशी कोण बसणार. रिकाम्या देव्हाऱ्याची जागा माणसांनी भरायची आहे.