आजार कोणाचा आणि दोष कोणाचा?

आपल्याच हातानें जो आजारी पडला, त्याच्या औषधपाण्याचा भार इतरांनीं कां सोसावा, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनांत पुष्कळदां आला असेल. प्रश्न जुना आहे. परंतु हल्लीं तो विम्याच्या कागदांवर छापून आला आहे, म्हणून त्याचा विचार करणें प्राप्त आहे.

सन 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 सालीं अमलांत आला. त्याच्या 21 व्या कलमांत असें आहे कीं, शरीराच्या आजारास ज्या रीतीनें विमा मिळतो, त्याच रीतीनें तो मनाच्या आजारासहि मिळावा. कंपन्यांनीं टाळाटाळ केली, तेव्हां 2021 सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें व 2022 सालीं पुन्हा विमा नियामकानें त्यांस बजाविलें. कायद्यांतील मानसिक आजाराच्या व्याख्येंत दारू व मादक पदार्थ यांच्या सेवनानें होणाऱ्या मानसिक अवस्थाहि आल्या आहेत. येथपर्यंत ठीक. परंतु कंपन्यांस ज्या गोष्टी वगळण्याची मोकळीक आहे, त्यांची यादी नियामकानें 2019 सालीं ठरवून दिली, आणि तींत बारावी बाब व्यसनाची आहे. व्यसनाचा उपचार व व्यसनाचे परिणाम यांचे पैसे नाकारतां येतात. ही ओळ आजहि पुष्कळ पॉलिसींत दिसते.

आतां असें समजा कीं, कृष्णाकांठच्या एखाद्या गांवीं साखर कारखान्यांतला एक कामगार बायकोच्या रडण्यानें विरघळून एके दिवशीं दारू एकदम सोडतो. तिसऱ्या दिवशीं त्याचे हात कांपूं लागतात, घाम सुटतो, भिंतीवर नसलेले साप दिसूं लागतात. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा आहे. आणि देवऋषीकडे दोन रात्री जातात. (या दोन रात्रींत माणूस दगावूं शकतो, हें आमच्या उपदेशकांनीं नीट ध्यानांत ठेवावें. फार पिणाऱ्यानें दारू सोडावी ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीं.) शेवटीं त्यास मिरजेस नेतात व तो वांचतो. मग कंपनीचें पत्र येतें कीं, हा दारूचा परिणाम आहे, पैसे मिळणार नाहींत. तो पीत होता तोंवर त्याची कोणी विचारपूस केली नाहीं, आणि सोडावयास निघाला तेव्हां दोषी ठरला!

कंपनीचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. विम्याचा पैसा सर्वांचा आहे. जो कधीं प्याला नाहीं त्याचा हप्ताहि त्यांत आहे. पण मग मधुमेह झाल्यावरहि जो जिलबी सोडीत नाहीं, त्याचें बिल आपण कां भरतों? भांडणांत डोकें फुटलेला मनुष्य दवाखान्यांत आणला, तर भांडण कोणी काढलें हें विचारून मग टाके घालीत नाहींत. शिवाय सरकार दारूवर कर घेतें. तो पैसा घेतांना पिणाऱ्याचा दोष कोणास आठवत नाहीं. आमच्या मतें दोष आणि आजार हे एकाच माणसांत नांदतात. एकाचा हिशेब मागावा, पण दुसऱ्याचा उपचार त्यासाठीं अडवूं नये. व्यसनी मनुष्यानें बायकोमुलांस जें दुःख दिलें त्याचा जाब त्यानें द्यावाच. परंतु उपचार नाकारल्यानें ती शिक्षा त्याच बायकोमुलांवर पडते. दागिना सावकाराकडे जातो तो तिचा.

आमच्या बहुतेक वाचकांजवळ पॉलिसीच नसेल. त्यांनीं हें जाणावें कीं, त्याच कायद्याच्या 18 व्या कलमानें दारिद्र्यरेषेखालील माणसास, कार्ड असो वा नसो, सरकारी मानसोपचार केंद्रांत फुकट उपचार मिळण्याचा हक्क आहे. साताऱ्यास परिवर्तन संस्थेचें व्यसनमुक्तीचें काम पुष्कळांस ठाऊक आहे. आणि जे कोणी एजंटाकडून पॉलिसी घेत असतील, त्यांनीं सही करण्यापूर्वीं वगळलेल्या बाबींचें पान गांवच्या शिक्षकाकडून मोठ्यानें वाचून घ्यावें व व्यसनाची ओळ त्यांत आहे कीं काय, हें विचारावें.